धुतलेला गालिचा

राखणदार म्हादबा वारला आणि चारच दिवसांत त्याच्या बिजली कुत्रीने बंगल्याच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर मुतून ठेवलं. मालक अण्णासाहेब कडाडले, "गाडी काढा! हिला घाटात सोडून या!"

बंगल्यातच घरकाम करणारा म्हादबाचा धाकटा भाऊ सिदू आडवा आला. "दादाची तेवढीच खूण उरलीय, अण्णासाहेब. गालिचा मी धुतो. वास राहिला तर खुशाल सोडा हिला."

त्याने डागावर व्हिनेगरचं पाणी मारलं, खायचा सोडा चोळला आणि गालिचा दोन दिवस उन्हात वाळवला.

मग ओसरीत पसरलेल्या गालिच्यावर अण्णासाहेब जेमतेम वाकले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. "शी! अजून तसाच घाण वास मारतोय. काढा गाडी!"

"हा तुमच्या झोपायच्या खोलीतला, जोडीचा गालिचा," सिदू ताडकन म्हणाला. "ह्याच्यावर बिजली कधी चढलीच नाही. धुतलेला मी काल तुमच्या पलंगापुढं अंथरला. आज पहाटे त्याच्यावर बसून तुम्ही तासभर प्राणायाम केलात."

अण्णासाहेबांनी रुमाल हळूच खिशात घातला. "गाडी राहू द्या," ते पुटपुटले.

सिदूने बिजलीला पोटाशी धरलं. भाऊ गेल्यापासून दाबून धरलेलं रडू त्याला तिथंच, सगळ्यांदेखत फुटलं.