कारकुनाने सुधारलेली उत्तरं

फार फार जुनी गोष्ट आहे बाळांनो. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. ही इतक्या वेळा सांगितलीय की सांगायचाही शीण येतो. पण ऐकणारे सुधारत नाहीत, म्हणून सांगणाऱ्याला सुटका नाही.

एका राजाने नदीवर बंधारा बांधायला घेतला. पाच वर्षं झाली, माणसं पार थकून गेली. राजा तसा भला. त्याने कारकुनाला धाडलं. "एकेकाला विचार, कामातून तुला काय हवं? सांगेल ते देऊ."

कारकुनाने दोन याद्या केल्या. एक पुरुषांची, एक बायकांची.

पहिला आला सटवा गवंडी. हातांना घट्टे, डोळे लाल. म्हणाला, "दिवेलागणीच्या आधी सोडा मला. मी घरी पोचतो तेव्हा लेक झोपलेली असते. चार वर्षांची पोर, बापाला पाहुणा समजते हो!"

मागोमाग त्याची बायको येसू आली. ती चुना मळायची. चुना पुरता मुरला की नाही, हे तिला चिमटीत धरताच कळे. पण तिचं ऐकतो कोण? ती म्हणाली, "मला चुन्याची मुकादम करा. मी हो म्हटल्याशिवाय तो भिंतीला लागू नये. कच्चा चुना जातोय साहेब, माझा जीव तुटतो."

कारकून मनात हसला. 'उन्हाने डोकी फिरली यांची! बाप्या कधी घरी जायचं म्हणतो? बाई कधी मुकादमी मागते?' त्यांचं भलं म्हणून त्याने दोन्ही उत्तरांची अदलाबदल केली. सटव्याला मुकादमी. येसूला दुपारीच सुट्टी, वर चोळीचा खण.

सटव्याच्या डोक्यावर पागोटं आलं आणि घर आणखी लांब गेलं. दगडात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण चुन्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. येसू विचारायची, "अहो, आज चुना कसा होता?"

"पांढरा होता," तो म्हणायचा आणि जेवता जेवता पेंगायचा.

अशी सहा वर्षं गेली. बंधारा उभा राहिला. त्याच श्रावणात नदी फुगली आणि तो मधोमध फुटला. पाच गावांची शेतं वाहून गेली. माणसं वाचली, हेच नशीब.

राजाने पडक्या भिंतीतला चुना उचलला. त्याचा हातातच भुगा झाला. येसू म्हणाली, "महाराज, हे मी सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

कारकुनाच्या याद्यांची वही आली, तिच्यात दोघांची उत्तरं उलटी निघाली. कारकून म्हणाला, "मी फक्त चूक सुधारली, महाराज. बाप्याचं बाप्याच्या यादीत, बाईचं बाईच्या यादीत."

राजाने कपाळाला हात लावला. कारकुनाला दगड वाहायला लावलं, येसूला मुकादम केलं. सगळं पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू झालं.

त्या दिवशी सटवा पहिल्यांदा उजेडात घरी गेला. दारात लेक उभी होती, आता दहा वर्षांची. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि अदबीने विचारलं, "बसणार ना थोडं?"

सटवा बसला.

तात्पर्य: कामातून काय हवं ते ज्याचं त्याला विचारावं आणि तो सांगेल तेच खरं मानावं, बाई की बाप्या हे बघून उत्तर आपण ठरवू नये.