अंगनातली आंघोळ

"आमच्या म्हाताऱ्यानं तोंड का मिटलं, तेवढं सांगा वस्ताद. बाकी काय नको मला."

सर्जेराव पैलवान तालमीच्या हौद्यात उभा राहून इचारत हुता. जोर मारून आत्ताच थांबला हुता. अंगावर लंगोट, छातीला तांबडी माती.

इलाही वस्ताद काठावर घोंगडं टाकून बसल्याले. आमचे सगळ्यांचे गुरू. गुडघे गेल्यात, पन जरब तशीच हाय.

मी कोपऱ्यात खोऱ्यानं माती उकरत हुतो. कान तिकडंच.

"डाक्टर काय म्हनला?"

"घशात काय न्हाई म्हनला. लकव्यानं एक अंग गेलंय, वाचा गेलीया, पन गिळता येतंय. ह्योच गिळंना. दात आवळून बसतोय. पानीसुदीक न्हाई. असंच ऱ्हायलं तर चार दिसाचा सोबती म्हनला."

"मग तू काय केलंस?"

"जबडा दाबून भरवलं."

"गेलं आत?"

"थुकला माझ्या अंगावर."

मागं कोनतरी फिसकन हसलं. वस्तादांनी नुसतं तिकडं तोंड फिरवलं. हसू बंद.

"कवापास्नं मिटलंय तोंड?"

"बाजाराच्या आदल्या दिसापास्नं."

"त्याआदी खात हुता?"

"खात हुता की! दुधात भाकरी कुस्करून दिली की वाटी चाटून पुसून."

"मग त्या दिशी काय घडलं?"

"काय घडतंय? काय न्हाई... पैल्यांदा आंघोळ घातली. पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. डाक्टर म्हनला, रोज धुवा, कोरडं ठेवा. सगळं धोतरातच हुतंय वस्ताद. थोरला भाऊ नाक धरून लांब ऱ्हातोय. मग मीच घालाय लागलो. रोज. ह्या हातांनी."

सर्जानं दोन्ही हात म्होरं केले. परातीएवढे पंजे.

"गल्लीतली मानसं थांबून बघत्यात. म्हनत्यात, ल्योक असावा तर असा."

"थांबून बघत्यात?"

"व्हय."

"कुठनं?"

"रस्त्यावरनं. अंगनातच घालतोय न्हवं. न्हाणी बारकी, अंधारी. अंगनात ऊन असतंय, थंडी वाजत न्हाई त्येला. दगडावर बसवतो, मी मागनं धरतो, आन ही पानी वतती."

"ही म्हंजे?"

"आमची मंडळी."



खरं सांगतो, माझं डोस्कं म्हाताऱ्यावरच फिरलं हुतं. आजकाल कोन करतंय एवढं? शेजारच्या गावात एकानं आईला गोठ्यात टाकलीया, ते ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. हितं पोरगं मुताचं धोतर धुतंय, आन ह्यो बाबा त्येच्याच अंगावर थुकतोय! अशा म्हाताऱ्याच्या एक...

"सर्जा," वस्ताद म्हनले. "तुजा बा घरात शिरताना काय करायचा रं?"

"काय करायचा?"

"आठव."

सर्जानं डोस्कं खाजवलं.

"खाकरायचा. उंबऱ्याभायेर थांबून."

"कशापायी?"

"आत सुना असायच्या. सावरून बसाव्यात, पदर घ्यावा... म्हनून."

"आता खाकरतोय?"

"आता कुठलं वस्ताद? आवाजच गेलाय की."

"हं..."

भायेर कुनाचं तरी म्हसरू वरडलं.

"हात चालतोय का एकांदा?"

"डावा चालतोय. त्योच तर तरास हाय! आंघोळीला बसवला की त्या हातानं नुसता झोंबतोय. धोतर धरून ठेवतोय, सोडूच देत न्हाई. अजून पकड हाय बगा म्हाताऱ्याची. शेवटी मी त्यो हात मागं पिरगाळून धरतो, तवा कुठं धुता येतंय."

बोलता बोलता सर्जा हसला. एकटाच.

"लंगोट सोड," वस्ताद म्हनले.

"आं?"

"लंगोट सोड."

"हितं?"

"मग कुठं? जत्रंत हजार मानसांम्होरं मांड्या थोपटत उभा ऱ्हातोस. तवा न्हाई लाजत?"

"तवा लंगोट असतोय की अंगावर!"

"त्योच सोड म्हनतोय. हितं परकं कोन हाय? सगळी तुजीच मानसं."

"वस्ताद, चेष्टा नको."

"तुज्या भल्यासाठी सांगतोय. ऊन हाय भायेर. चल, अंगनात चल. धुतो तुला."

सर्जा कानापातूर लाल झाला. त्येचा राग म्या बघितलाय. एकदा पंचाला उचलून हौद्याभायेर टाकल्याला. पन वस्तादाम्होरं मान वर करायची त्येची टाप न्हाई.

"न्हाई सोडनार," त्यो म्हनला. बारीक आवाजात.

"दौलत, शिरपा... धरा त्येला."

दोघं हौद्यात उतरले. दौलतनं मागनं मिठी घातली, शिरप्यानं उजवा हात धरला. सर्जाला ते दोघं म्हंजे पाचोळा. झटकलं असतं तर भिताडाला जाऊन आदळले असते. पन त्यानं झटकलं न्हाई.

त्येचा डावा हात लंगोटाच्या गाठीवर गेला आन तिथंच गच्च बसला. दात आवळल्याले. डोळं मिटल्याले.

"सोडा त्येला."

त्यांनी सोडलं. मागं सरले.

सर्जाचा हात हुता तिथंच ऱ्हायला. मग त्यानं डोळं उघडलं आन खाली बघितलं. स्वतःच्याच मुठीकडं. लई येळ बघत ऱ्हायला...

आन बसला मातीत. सांगली-कोल्हापूरचं फड गाजवल्याला गडी, तोंडात माती जाईस्तवर वाकून बसला. पाठ नुसती हालत हुती.

मी खोरं खाली ठेवलं. कुनीकडं बघावं कळंना.

"ती पदर डोळ्यावर वडून पानी वतायची वस्ताद," सर्जा म्हनला. "मला वाटायचं, उन्हापायी."

सर्जाचा बा येसबा आन वस्ताद एका वयाचे.

"त्येनं मला कवा उघडं अंगसुदीक दावलं न्हाई... आन मी..."

"व्हय."

"खाईल का आता?"

"ठावं न्हाई."

"पन पाठ सडतीया त्येची. न धुता कसा ठेवू?"

"धू की. रोज धू."

"मग करू तरी काय?"

वस्तादांनी हात म्होरं केला. दौलतनं धरून उठवलं त्यास्नी. लई येळ लागला उठाया. उभं राहून त्यांनी आदी आपलं धोतर नीट केलं, मग सर्जाकडं बघितलं.

"मेल्यावर अंगनातच घालायची हाय आंघोळ, सगळ्या गावाम्होरं... तवर दार लाव."