बावन्न धुराडी

चीन देशात, पिवळ्या पाण्याच्या एका नदीकाठी हुंगयाओ नावाचं एक गाव होतं. त्या गावाला आपल्या धुराचा फार अभिमान होता.

अभिमान वाटावा असं त्यांनी केलंही होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिथं एकच वीटभट्टी होती. ती फांग आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. त्या काळात घरात दोन वेळा चूल पेटली तर लोक तो सण समजत. पुढे एकीच्या चार भट्ट्या झाल्या, चारांच्या अकरा, अकराच्या एकोणीस. मातीची घरं विटांची झाली. विजेचे खांब आले, शाळा आली, पोरांच्या पायांत बूट आले. इथवर सगळं खरं होतं. खोटं पुढे सुरू झालं, आणि ते मोजण्यातून सुरू झालं.

जिल्ह्याचे साहेब दर वसंतात नावेतून येत. काठावर चिखल असे, म्हणून ते खाली उतरत नसत. नावेतच खुर्ची टाकून बसत, धूर सोडणारी धुराडी मोजत, आकडा वहीत लिहीत आणि पुढच्या गावाकडे निघून जात. ज्या गावाचा धूर जास्त, त्याला रस्ता आधी, पंप आधी, दवाखाना आधी. पहिल्या साहेबांनी ही रीत पाडली आणि नंतरच्या चौघांनी ती मोडली नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांनाही ती कधी खटकली नाही. रीत जुनी असली म्हणजे ती शहाणीच असणार, असं वडीलधारे धरून चालतात.

फांग आजोबांची नात शूफेन जिल्ह्याच्या तंत्रशाळेत तीन वर्षं भट्टीचं शास्त्र शिकून गावी परतत होती. नाव वळणावर आली आणि गाव दिसलं. तिने धुराडी मोजली. बावन्न! ती गेली तेव्हा एकोणीस होती.

"केवढी भरभराट गं तुमच्या गावाची!" नावेतली एक बाई म्हणाली.

शूफेन धूर निरखत होती. भट्टी पेटते तेव्हा पहिले दोन दिवस धूर काळा येतो. मग आग चढते, धूर पातळ होतो, निळसर होतो आणि सरळ वर जातो. एका भट्टीचा दुसरा दिवस असतो तेव्हा शेजारच्या भट्टीचा सातवा असतो, म्हणून दोन धूर कधी सारखे नसतात. इथं मात्र तेहतीस धुराडी एकसारखा पांढरा, दाट, ओला धूर ओकत होती. तो वर न जाता पाण्यावर लोळत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी आजोबांनी तिच्यासाठी बदक शिजवलं होतं. पहिला घास घेताच तिने शाळेत शिकलेली गोष्ट सांगितली. "आजोबा, भट्टीतला वाऱ्याचा मार्ग बदलला की कोळसा निम्मा लागतो. विटा पक्क्या निघतात. आणि धूर तर जवळपास नाहीच."

"धूर नाही?" आजोबांचा हात वाटीवरच थांबला. "मग साहेब मोजणार काय? तुझं डोकं?"

"विटा मोजू देत."

"विटा नावेतून दिसत नाहीत."

"बरं, बावन्न भट्ट्या कधी झाल्या?"

"तू शिकत होतीस तेव्हा. गाव काय तुझ्यासाठी थांबणार होतं?"

"आणि इतक्या भट्ट्यांना माती कुठून आणता? आपल्या काठाची माती तर एकोणीस भट्ट्यांनाच जेमतेम पुरत होती."

"बदक खा," आजोबा म्हणाले. "गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शूफेन काठावर गेली. एकोणीस भट्ट्या तिच्या ओळखीच्या होत्या. ती विसाव्या धुराड्याजवळ थांबली. धुराडं मोठं देखणं होतं, ओळंब्यात सरळ. तिने बोटाच्या पेराने वीट वाजवली. वीट खणखणीत वाजली. गावातल्या सगळ्यात पक्क्या विटा इथं लावल्या होत्या. धुराड्याच्या बुडाशी मात्र भट्टी नव्हतीच. नुसता एक खड्डा होता, त्यात भाताचा ओला पेंढा धुमसत होता, आणि एक काका ताडाच्या पंख्याने त्याला वारा घालत बसले होते.

"काका, भट्टी कुठंय?"

"कसली भट्टी?" काका खोकत म्हणाले. "आपल्याकडे फक्त धुराचं काम असतं."

शूफेन एकविसाव्याकडे गेली, बाविसाव्याकडे गेली, बावन्नाव्यापर्यंत गेली. सगळीकडे पेंढा आणि सगळीकडे पंखा. घरी परतली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"तेहतीस खोटी आहेत, आजोबा!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? सगळ्या गावाला ठाऊकच आहे!"

आजोबांनी तिला समोर बसवलं. "पोरी, मी झाडाची साल खाल्लीय. तुझ्या आजीने चामड्याचा पट्टा उकळून पोरांना दिला होता. तुझ्या शाळेच्या पुस्तकात ते नसेल. आज तुझं पोट भरलंय म्हणून तुला प्रश्न सुचतात. आपण एकोणीसवरच थांबलो असतो, तर रस्ता वरच्या गावाला गेला असता. त्यांनी अठ्ठेचाळीस दाखवली होती."

"त्यांची तरी खरी आहेत का?"

"ते मी विचारत नाही. तेही मला विचारत नाहीत. शेजारधर्म असतो."

आता शूफेनला नदीकाठचं एकही गाव खरं वाटेना. आपण वरच्या गावाला भिऊन धूर वाढवला. ते कुणाला भ्याले असतील? या जिल्ह्यात आग नेमकी आहे तरी किती? हे सांगू शकेल असा एकही माणूस तिला आठवेना, कारण जो तो दुसऱ्याचा धूर पाहून पेंढा भिजवत होता.

चार दिवसांनी साहेबांची नाव आली. साहेबांनी बसल्या जागेवरून मोजलं आणि खूश होऊन भोंगा तोंडाला लावला. "बावन्न! शाबास, हुंगयाओ! यंदा खालच्या गावाचा बांध पक्क्या विटांचा बांधायचा आहे. बावन्न भट्ट्यांच्या दोन महिन्यांच्या विटा पुराच्या आधी पोचवा. त्यांचा जुना मातीचा बांध आम्ही उद्यापासून खणायला घेतो."

काठावर टाळ्या वाजल्या. वडीलधाऱ्यांनीच वाजवल्या. शूफेनने मात्र आजोबांची बाही धरली. तिची थोरली बहीण मिंगशिया खालच्या गावात दिली होती. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं आणि पाळण्यात तीन महिन्यांची मुलगी होती.

"आताच्या आता साहेबांना खरं सांगा," ती आजोबांना म्हणाली.

"सांगायची गरज नाही. विटा होतील."

"एकोणीस भट्ट्यांतून?"

"वीट नऊ दिवस भाजतो, ती तीनच दिवस भाजू. भट्ट्या तिप्पट वेळा भरतील. वरून काव फासू. लालच दिसेल."

"आणि आतून?"

"बांधाच्या आत कोण बघायला जातंय?" आजोबा म्हणाले. "शिवाय मोठा पूर काही दरवर्षी येत नाही."

शूफेनने भट्टीला हात लावायला साफ नकार दिला. तिच्यावाचून काही अडलं नाही. महिन्याभरात विटांचा ढीग लागला. बोट लावलं तर बोट लाल होई. पहिला मचवा भरला त्या दिवशी समारंभ ठेवला होता. साहेब आले, आणि फोटो काढायचा म्हणून लाकडी फळ्यांवरून पहिल्यांदाच काठावर उतरले. खालच्या गावाहून विटा न्यायला चार-पाच माणसं आली होती. मुलीला पाठीशी बांधून मिंगशियाही आली होती.

साहेब भाषणाला उभे राहिले तोच शूफेनने पाण्याची बादली आणून त्यांच्या पायाशी ठेवली. मचव्यातून एक वीट उचलली, दगडावर आपटून तिचे दोन तुकडे केले आणि पाण्यात टाकले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बांध," शूफेन म्हणाली. "बघत राहा."

चहाचा पेला संपायला लागावा एवढ्या वेळात तुकड्यांच्या कडा ढासळल्या. मग पोटातली पिवळी माती सुटली. शेवटी बादलीत गाळ आणि वर तरंगणारी लाल काव एवढंच उरलं.

साहेबांनी बादलीत वाकून पाहिलं. मग ते सावकाश म्हणाले, "पाणी खराब दिसतंय."

"हो, हो," वडीलधारे म्हणाले. "बादलीच जुनी आहे."

"मी नदीचं पाणी आणते," शूफेन म्हणाली. "पूर त्याच पाण्याचा येतो."

साहेब तिच्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, बावन्नचा आकडा मी वर कळवलाय. वरच्यांनी तो आणखी वर कळवलाय. आता तो खाली येत नसतो." एवढं बोलून ते नावेत चढले आणि नाव निघूनही गेली.

मिंगशियाने बादलीत हात घातला. मूठभर गाळ घेऊन ती आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, आमचा जुना बांध निम्मा खणून झालाय. आता मी घरी जाऊन काय सांगू?"

"पक्क्या विटा आहेत आपल्याकडे," शूफेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तेहतीस धुराडी भरून आहेत. नवा बांध नाही झाला, तरी खणलेला भाग बुजेल."

"धुराडी पाडायची?" आजोबा ओरडले. "चाळीस वर्षांत वाढवलेलं गाव एका दिवसात लहान करतेस?"

"वाढलं होतं तेवढं राहीलच की. त्याला मी हात लावत नाही."

"खबरदार!"

शूफेनने पहार घेतली, विसाव्या धुराड्याला शिडी लावली आणि वर चढली. काठावर सगळं गाव उभं होतं, पण कुणी पुढे येईना. कामसू माणसं होती सगळी, फक्त मोठ्यांनी मान हलवल्याशिवाय पाऊल उचलायची त्यांना सवय नव्हती. खालच्या गावची माणसं बांधाचं खणणं थांबवायला धावली होती. खाली मिंगशिया एकटी, मुलीला सावलीत निजवून, बाह्या सारून विटा झेलत होती. शूफेन पहार घालत होती. दर दोन विटांमागे एक फुटत होती. तिच्या तळहातांना फोड आले. दुपार झाली तरी धुराडं कमरेएवढंही उतरलं नव्हतं.

आजोबा सकाळपासून खाली दगडावर बसून बघत होते. एक वीट फुटली की ते तोंड कडू करत. शेवटी त्यांना राहवेना.

"अशा नाही काढत विटा!" ते उठून ओरडले. "पहार सांध्यात घाल, विटेवर नको! तीन वर्षं शाळेत काय फक्त फळा पुसलास? सरक. सरक म्हणतो ना!"

"तुम्ही वर चढू नका, आजोबा. पडाल."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून चढतोय मी."

सत्तरीचा म्हातारा शिडी चढला. त्याने पहार सांध्यात घातली, नुसती तिरकी केली आणि अख्खी वीट हातात आली. मग दुसरी, मग तिसरी. खाली उभ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जो तो आपापल्या घरी पहार आणायला पळाला. पंखेवाल्या काकांनी आपल्या हातानेच पेंढ्यावर पाणी ओतलं.

पंचवीस दिवसांत तेहतीस धुराडी भुईसपाट झाली. एकोणीस भट्ट्या पुन्हा नऊ-नऊ दिवस भाजू लागल्या. मचवे खालच्या गावाकडे जात राहिले. उन्हाळा सरता सरता पूर आला. तो मोठा होता. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी इतकं चढलं आणि तीन दिवस तिथंच थांबलं. मिंगशियाच्या घराची मागची भिंत ओली झाली, पण घर राहिलं. सगळं गावच राहिलं.

पाणी ओसरल्यावर साहेबांची नाव आली. साहेबांनी काठाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "फांग आजोबा, बाकीची धुराडी कुठं गेली?"

"खालच्या गावात पुराला आडवी पडलीत, साहेब," आजोबा म्हणाले. "बघून या."

साहेब हसले, वहीत काहीतरी लिहून त्यांनी नावाड्याला खूण केली. नाव हलेना. शूफेनने तिचा दोर धरून ठेवला होता.

"काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

"पोरी, ही सरकारी वही आहे."

"त्यातलं गाव आमचं आहे. वाचा."

मोठ्या माणसांशी असं बोलू नये, हे सांगायला आजोबांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि तेही दोराला हात घालून उभे राहिले. साहेबांनी नावाड्याकडे पाहिलं. नावाडी पाण्यात बघत होता. अखेर त्यांनी वही उघडून पुटपुटत वाचलं, "हुंगयाओ. बांध पूर्ण. भट्ट्या साठ."

"साठ!" शूफेन म्हणाली. "खोडा ते."

"खोडू? आणि मग लिहू काय?"

शूफेन उत्तर देणार होती, पण आजोबा आधी बोलले. "एकोणीस," ते म्हणाले. "एकीच्या एकोणीस केल्यात आम्ही, साहेब. लिहा."

साहेबांनी लिहिलं. तरी शूफेनने वही आपल्याकडे वळवून घेतली, शाईतला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मगच दोर सोडला.

तात्पर्य: वाढ धुरावरून मोजली की धूरच वाढत जातो, म्हणून आकडा कितीही मोठ्या माणसाने सांगितलेला असो, त्याच्याखाली आग आहे की नुसता पेंढा, हे जाऊन पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.