आवडूआक्काचे वर केलेले हात

खाडीवर पूल नव्हता, माणसं तरीच्या होडीतून ये-जा करायची, तेव्हाची ही गोष्ट. खाजणवाडीत आवडूआक्का राहायची. हाड बसवावं, आखडलेला सांधा चोळून मोकळा करावा, तर तिनंच. तळव्याला कोमट उंडेल, म्हणजे उंडीचं तेल, लावून ती बोटं फिरवायची आणि दुखणं कुठं दडून बसलंय ते हुडकून काढायची. तिच्या हाताखाली हाडं आपणहून जागेवर यायची, असं म्हणतात.

त्याच वाडीत बाबल होता, माडावर चढणारा. पायाला भिंगरीच म्हणा ना! एकदा माडावरून पडला आणि गुडघा मोडला. हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना. न वाकणाऱ्या गुडघ्यानं माडावर चढणार कसं? दुसरं काम त्याला येत नव्हतं, घरात म्हातारी आई. पोराच्या जिवाला घोर लागला.

आक्का रोज यायची, चोळायची, गुडघा हळूहळू वाकवायची. पण हा स्वस्थ बसेल तर शपथ! तिची पाठ वळली की लंगडत माडापाशी. एका सकाळी चढायला गेला आणि धपकन खाली आला. गुडघा टम्म सुजला, सगळी मेहनत पाण्यात. आई रडायला लागली. आता आक्का आपला उंबरा चढायची नाही, असंच बाबलला वाटलं.

ती आली, काथ्याचा भारा घेऊन.

"बाबल्या, हाताला काम नाही म्हणून तुझा पाय पळतो," ती म्हणाली. "मी चोळते तोवर दोर वळ. दोराचा वाडीला वेढा पडेल त्या दिवशी चढ."

घाईनं वळला की पीळ सुटायचा, मग आक्का तो परत वळायला लावायची. जीव नुसता तळमळायचा, पण बूड जागचं हलत नव्हतं. दोर वाढत गेला, गुडघा वाकत गेला. वाडीला वेढा घालून तो दोर खाडीपर्यंत पोचला, असं म्हणतात.

चढायचा दिवस उजाडला आणि एवढा उतावळा गडी बुंध्याला हात लावून उभाच राहिला. पुन्हा पडलो तर, या भीतीनं पाय उचलेना.

"जा," आक्का म्हणाली. "मी खाली आहे."

तिनं दोन्ही हात वर केले आणि तो उतरेपर्यंत खाली घेतले नाहीत. त्या तळव्यांची ऊब पार शेंड्यापर्यंत लागत होती, असं म्हणतात. खाली आल्यावर बाबल त्याच तळव्यांत तोंड खुपसून रडला.

आज वाडीत माडावर चढणाऱ्या कुणाचा हात किंवा पाय मोडला की शेजारी त्याला काथ्या आणून देतात, उंडेल तापवतात, आळीपाळीनं चोळायला बसतात. आणि तो बरा होऊन पुन्हा पहिल्यांदा माडावर चढतो, तेव्हा आक्काचं नाव घेऊन सगळी वाडी हात वर करून उभी राहते. तो जमिनीला टेकेपर्यंत कुणी हात खाली घेत नाही.