एकादशीला कुस्कोत

"परवा एकादशी. दुपारी मी आणि आमची आई तुझ्याकडे जेवणार," आबासाहेब वाळुंजकर दात कोरत म्हणाले. "अटी दोनच. ताटात सगळं त्या पेरू देशातलं पाहिजे, आपल्याकडचा एक कण नको. आणि आमचा उपास मोडता कामा नये. जमलं तर गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट पुढे चालू. नाही जमलं तर चावी माझ्या हातात. आणि हो, पेरूच्या फोडी कापून पुढ्यात ठेवल्यास ना, तर ताट तुझ्या डोक्यावर उपडं करीन."

एवढं बोलून ते गेले. म्हणजे गेले कुठले, बाहेर आपल्या गाडीत जाऊन बसले.

वाकडमधलं ते अख्खं कॉम्प्लेक्स आबासाहेबांचं. सात नंबरच्या गाळ्यात जावयाला गाद्यांचं दुकान टाकून द्यायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं. घोळ एवढाच की तिथे आधीच 'कुस्को' होतं, पेरूचं जेवण देणारं अख्ख्या वाकडातलं एकुलतं एक हॉटेल. चालायचं बेताचंच. चालणार कसं? आबासाहेबांची ट्रकाएवढी पांढरी गाडी रोज बरोब्बर पाटीसमोर उभी. लोकांना वाटायचं, आत सर्व्हिसिंग करून मिळतं.

हॉटेलचा मालक आणि आचारी एकच, केदार. आठ वर्षं बोटीवर होता, तिथे एका पेरूच्या आचाऱ्याकडून सगळं शिकून आलेला. तो डोकं धरून बसला.

"वैजू, आपलं मेनूकार्ड बघ. कच्चा मासा, भाजलेलं काळीज, कोंबडी, मका, भात. यातलं उपासाला काय चालतं? पाणी. तेही पवनेचं."

वैजू तिथे वेट्रेस. सातगाव पठारावरून आलेली, वडील बटाटा लावायचे. चावी गेली की तिची नोकरी गेली. नोकरी गेली की परत गावी, आणि गावी आत्याने एक मुलगा हेरून ठेवलेला होताच. पोह्यांचा ट्रे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागला. पण मग तिला दुसरंच काहीतरी दिसलं, आणि ती हसली.

"दादा, परवा स्वयंपाकघरात मी सांगीन तसं करायचं. फोडणी-बिडणी काही नाही."

"अगं, करणार काय पण?"

"जेवण."

एकादशीला बरोब्बर साडेबाराला मायलेक आले. आजी ऐंशीच्या पुढच्या आणि उपासाच्या बाबतीत एकदम कडक. जिरं चालतं की नाही यावरून नणंदेशी चौदा वर्षं बोलणं बंद, तेही नणंद शेजारच्याच बंगल्यात राहत असताना.

आत केदार लिंबू पिळायला गेला. वैजूने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे नको. हे इकडून तिकडे गेलंय."

"आणि मीठ गं?"

"मीठ समुद्राचं. ते कोणाच्या बापाचं नाही."

ताटं आली. मऊसूत कुस्करलेल्या बटाट्याची गार मूद, आत ठेचलेली मिरची. वरून दाण्याचं दाटसर वाटण. बाजूला खरपूस भाजलेलं रताळं. आणि रताळ्याच्याच गोडीवर वळलेले राजगिऱ्याच्या लाह्यांचे दोन लाडू.

आजींनी ताटाकडे पाहिलं, वास घेतला, बोटाने चाखलं आणि कोणाची वाट न बघता सुरू झाल्या.

आबासाहेबांनी मात्र हात वर केला. "थांब गं आई. ए पोरी, इकडे ये. मला काय येडा समजलीस का? बटाटा, दाणे, रताळं! हे तर आमच्या घरचं उपासाचं ताट. पेरूचं कुठाय यात?"

"आबासाहेब, यातलं आपलं काय ते बोट दाखवून सांगा. मी उचलून नेते."

"बटाटा ने."

"फोनला विचारा की, कुठला ते."

आबासाहेबांनी फोन तोंडाशी धरून विचारलं. फोन म्हणाला, पेरूकडच्या डोंगरातला, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. मग त्यांनी रताळं विचारलं. दाणे विचारले. मिरची विचारली. अगदी राजगिराही विचारला. फोनमधली बाई प्रत्येक वेळी त्याच खंडाचं नाव घेत होती, कधी पेरूचं, कधी त्याच्या आजूबाजूचं. पाचव्यांदा आबासाहेबांनी फोन उपडा ठेवला.

"माझा बाप तीस वर्षं बटाटा लावतोय," वैजू म्हणाली. "तो परदेशी पीक काढतो हे कॉलेजात कळलं, तेव्हा मीपण अशीच बघत बसले होते."

पण आबासाहेब एवढ्यावर ऐकणाऱ्यातले नव्हते. ते एकदम पुढे सरसावले, डोळे चमकले.

"म्हणजे हे परदेशातलं! म्लेंच्छांनी बोटीतून आणलेलं! मग हे खाऊन उपास मोडला की नाही? दुसरी अट गेली. काढ चावी."

केदारने खरंच खिशात हात घातला.

वैजूने पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला.

"मोडला असेल हो. पण मग नुसता आजचा नाही. आजींनी जन्मभर महिन्यातून दोनदा हेच खाल्लंय, म्हणजे तेवढ्या सगळ्या एकादश्या मोडल्या. हे आजींना तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

आबासाहेबांनी आईकडे पाहिलं. आजींचा घास हातातच थांबला होता.

"काय सांगायचंय रे मला?" त्या म्हणाल्या.

आबासाहेबांच्या कपाळाला घाम आला. "काही नाही गं आई. उपासाचंच आहे. अगदी शुद्ध."

"मला काय कळत नाही का? ए मुली, तो लाडू अजून एक आण. आणि आमच्या वन्संना कळू देऊ नकोस."

आणि आबासाहेब हसायला लागले. असे हसले, की पोट टेबलाला लागून दाण्याचं वाटण सदऱ्यावर सांडलं. "अरे केदार, खिशातून हात काढ. पाच वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट करू. जावई गाद्या विकेल दुसरीकडे, तसाही तो दिवसभर झोपलेलाच असतो. आणि पोरी, तुला काय पाहिजे? माग."

वैजूने खिडकीतून बाहेर बघितलं.

"गाडीची चावी द्या, आबासाहेब."

त्यांचं हसू थांबलं. "गाडी मागतेस?"

"छे. चार हात पुढे नेऊन लावते. आमची पाटी दिसू दे लोकांना."