वजा केलेला एक

"पण बाबा, ज्याला कुणानंच भाग जात नाही, त्यानं पंगतीत का बसावं?"

प्रश्न गिरिधराचा. येरळेकाठच्या मठात केरोबाबांचे आठ शिष्य. त्यांत हा गणितात सगळ्यांत तल्लख, आणि ते त्याला चांगलं ठाऊक. मी गुळाच्या ढेपा पोचवायला गेलो होतो. पानं मांडलेली बघितली आणि रेंगाळलो. पुरणाचा वास सोडून कोण जातो?

बाबा आमटीत पळी फिरवत होते. "कुणाला भाग जात नाही रे? तुला?"

"माझ्या संख्येला. एक लाख एकतीस हजार एकाहत्तर. अस्सल मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचं तिथं चालत नाही."

"एवढ्या लाखभर आकड्यांनी भागून बघितलंस?"

"छे! तीनशे बासष्टपर्यंत बघितलं की पुरे. त्यापुढच्या मोठ्यानं भाग जायचा, तर त्याला जोडीला लहान लागतोच. लहान सापडला नाही, म्हणजे मोठाही नाही."

"वा! आणि म्हणून?"

"म्हणून मीही आजपासून वेगळा बसणार. या म्हाद्याला तेराचा पाढा येत नाही. ह्याच्यासमोर बसून काय जेवायचं?"

"येतो की," म्हादू म्हणाला. "मध्येच जरा अडतो."

हशा पिकला. गिरिधरानं पत्रावळ उचलली आणि खांबाआड जाऊन बसला.

आता त्या मठाची रीत अशी, की आपलं पान आपण वाढून घ्यायचं नाही. समोरच्यानं वाढायचं. चार इकडे, चार तिकडे.

सहा पानांवर पोळ्या पडल्या, तुपाची धार पडली. म्हादूचं पान कोरडं. खांबाआडचंही.

कुणाचं तरी पोट गुरगुरलं. म्हादूचं नव्हतं...

"गिरिधरा," बाबा म्हणाले, "ती संख्या केलीस कशी?"

"एकाची दुप्पट, तिची दुप्पट, अशी सतरा वेळा. मग एक वजा."

"आणि वजा केलाच नसता तर?"

"तर काय! अर्धी करा, पुन्हा अर्धी करा, कुठं अडत नाही. पार एकापर्यंत..."



बाबांनी पळीनं म्हादूसमोरचा रिकामा पाट दाखवला. "तुम्हीही आठ होतात. त्यातून एक वजा..."

"सात!" गिरिधर खांबाआडून ओरडला. "बाबा, सातही मूळच!"

"मग पंगत मोठ्या घराण्यातली झाली की," म्हादू म्हणाला. "पण मी उपाशीच."

गिरिधर उठला. पत्रावळ घेऊन मुकाट त्याच्यासमोर येऊन बसला आणि त्याचं पान वाढलं. म्हादूनंही त्याला पोळी वाढली. वर तूप घातलं, जरा जास्तच.

घास हातात घेऊन गिरिधर अडला.

"आणि माझी संख्या, बाबा? ती तर एकटीच राहिली..."

"राहू दे. तिला भूक लागत नाही."