पन्नास ढगांची दुपार

फार पूर्वी, आभाळ आजच्यापेक्षा जरा खाली होतं तेव्हा, एका डोंगरमाथ्यावर ढग रंगवणाऱ्यांचं गाव होतं. हसू नका, खरंच होतं. दुपार झाली की समुद्राकडून पांढरे ढग तरंगत यायचे. रंगारी त्यांना केशरी नाहीतर गुलाबी रंगाच्या हौदात बुडवायचे आणि दिवस मावळायच्या आत सोडून द्यायचे. दरीतले गुराखी ते रंग पाहून जनावरं माघारी वळवायचे, कारण पुढे धुकं दाटायचं आणि वाट दिसेनाशी व्हायची.

गावाची कारभारीण होती सगुणाआत्या. कामाला वाघीण, पण हट्टी! रोज सकाळी ती बारा कामकऱ्यांच्या मनगटाला दोरा बांधायची. लाल दोरा म्हणजे हौदावरचं काम, हिरवा म्हणजे रानातून रंगासाठी फुलं आणायची. ज्याच्या हाताला जो दोरा, त्याने दिवसभर तेच करायचं, दुसऱ्या कामाला शिवायचं नाही, अशी तिथली रीत होती. आता ढग किती येणार हे कोणाला कळणार? आत्या आपली काल आले तेवढेच आज धरून चालायची.

एकदा आदल्या दिवशी चारच ढग आले. म्हणून आत्याने सकाळी दोन लाल दोरे बांधले आणि दहा हिरवे.

म्हातारे रंगारी भिकाकाका म्हणाले, "सगुणा, दोघातिघांना दोरा बांधू नकोस. ढग किती येतात ते बघू, मग सांगू त्यांना काम."

"आणि तोवर काय, माश्या मारतील? माझ्या गावात रिकामटेकडं बसलेलं मला खपायचं नाही!"

आत्यापुढे कोण बोलणार!

दुपारी ढग आले. दोन आले, दहा आले, बघता बघता पन्नास झाले आणि पाणवठ्यावरच्या म्हशींसारखे हौदाभोवती दाटीवाटीने उभे राहिले. हौदावरच्या दोघांची पार दमछाक झाली. आत्याने दरीकडे पाहिलं. तिची लेक रेवू शेळ्या घेऊन सगळ्यात लांबच्या दरीत गेली होती.

"तोडा रे ते दोरे!" आत्या ओरडली. फुलांच्या टोपल्या टाकून सगळे हौदाकडे धावले. पण त्यातल्या बहुतेकांनी जन्मात कधी ढग हातात धरला नव्हता. कोणाचा ढग फाटला, कोणाचा रंग ओघळून गेला. कसेबसे वीस ढग रंगले. बाकीचे पांढरेच्या पांढरे लांबच्या दरीकडे निघून गेले.

सगळे गुराखी परतले. रेवू तेवढी आली नाही. धुकं उतरलं. आत्या वेशीवर उभी राहून हाका मारत राहिली, तिचा घसा बसला, पण उत्तर आलं नाही.

रेवू आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. गुडघा फुटलेला, अंग काकडलेलं, खांद्यावर एक करडू.

"अगं, होतीस कुठे?"

"आई, तिकडे आभाळ पांढरंच होतं गं. मला वाटलं, अजून दुपारच आहे."

आत्याने तिला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. "चुकलं गं बाई माझं," एवढंच ती म्हणत राहिली.

मग आत्याने कमी ढगांच्या दिवसांत बाराही जणांना दोन्ही कामं शिकवली. रोज सकाळी ती नऊ जणांना काम द्यायची आणि तिघांना मोकळं ठेवायची. पहिल्याच दिवशी नेमके सातच ढग आले. ते तिघं संध्याकाळपर्यंत झाडाखाली लोळत पडले.

शेळ्या बांधता बांधता रेवू म्हणाली, "आई, यांना आज कामच मिळालं नाही गं."

"नाही मिळालं ना? बरं झालं बाई," आत्या म्हणाली. "आज सगळ्यांची पोरं वेळेवर घरी आली."

तात्पर्य एवढंच: उद्या काम किती येईल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून थोडे हात मोकळे ठेवावेत आणि प्रत्येक हाताला एकाहून जास्त कामं शिकवावीत.